जत्रेतील बंदूकबंदी : न्यायालयाने ठरवले काय आणि टाळले काय

दि. १७ ऑक्टोबर २०२४

प्रति,
मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील डॅलस शहरात सध्या भरलेल्या टेक्सास राज्य जत्रेत बंदूक आणण्यावर आयोजकांनी घातलेली बंदी त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवली, अशा आशयाची छोटी बातमी आपल्या दैनिकात वाचली. बातमीतील तारखा आणि नावे बरोबर असली, तरी मथळा चुकला आहे. न्यायालयाने ती बंदी वैध ठरवलेली नाही आणि अवैधही ठरवलेली नाही. सरकारने मागितलेला अंतरिम आदेश नाकारण्यापलीकडे त्याने काही केलेले नाही. कोकणातील एका जिल्हाधिकारी कार्यालयात शस्त्र परवान्यांचे टेबल मी बरीच वर्षे सांभाळले असल्यामुळे हा फरक मला किरकोळ वाटत नाही. शिवाय आपल्या राज्यात विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता नुकतीच लागू झाली असून परवानाधारकांकडून शस्त्रे जमा करून घेण्याचे काम आता सर्व जिल्ह्यांत सुरू होईल. त्यामुळे हा विषय अमेरिकेचा असला तरी निव्वळ अमेरिकेचा नाही.

आधी मूळ प्रकरण सांगतो. डॅलसची ही जत्रा १८८६ पासून भरते. ती चोवीस दिवस चालते, वीस लाखांहून अधिक लोक तिला येतात, आणि ती भरते २७७ एकरांच्या ‘फेअर पार्क’ या मैदानावर. मैदान डॅलस महानगरपालिकेच्या मालकीचे आहे, परंतु जत्रा भरवणारी संस्था महापालिकेची नाही. ती एक खासगी, ना-नफा तत्त्वावरची संस्था असून महापालिकेशी झालेल्या करारानुसार ती जागा वापरते. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी, शनिवारच्या गर्दीत, जत्रेतील खाद्यपदार्थांच्या भागात एका तरुणाने गोळीबार केला. त्यात तिघे जखमी झाले, लोक सैरावैरा धावले आणि त्या रात्री जत्रा रिकामी करावी लागली. त्याआधी परवानाधारकांना हँडगन अंगावर लपवून आत नेण्याची मुभा होती. यंदाच्या ऑगस्टमध्ये संस्थेने ती मुभा काढून टाकली आणि सेवेतील तसेच पात्र निवृत्त पोलीस अधिकारी वगळता कोणालाही बंदूक आत आणता येणार नाही, असे जाहीर केले.

या निर्णयाला सत्तरहून अधिक रिपब्लिकन लोकप्रतिनिधींनी पत्र लिहून विरोध केला. राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल केन पॅक्स्टन यांनी महापालिकेला पंधरा दिवसांची मुदत देणारी नोटीस बजावली आणि २९ ऑगस्टला महापालिका व जत्रा संस्था यांच्याविरुद्ध दावा दाखल केला. १९ सप्टेंबर रोजी डॅलसच्या जिल्हा न्यायालयाने अंतरिम मनाई नाकारली. त्याच महिन्यात कामाला लागलेल्या पंधराव्या अपील न्यायालयानेही सरकारला दिलासा दिला नाही. २६ सप्टेंबरला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला आणि दुसऱ्याच दिवशी जत्रेचे दरवाजे उघडले. मूळ दावा यामुळे निकाली निघालेला नाही.

आता यातील खरा मुद्दा. अमेरिकेत बंदुकीचा वाद म्हटला की आपल्याकडील वाचकाला लगेच तेथील राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती आठवते, आणि ‘बंदूक बाळगण्याचा मूलभूत हक्क विरुद्ध लोकांची सुरक्षितता’ असे चित्र डोळ्यांसमोर येते. डॅलसच्या दाव्यात भांडण त्यावर नव्हते. ते होते भाडेपट्ट्यावर. टेक्सासच्या कायद्यानुसार खासगी जागेचा मालक किंवा ताबेदार ‘येथे बंदूक आणू नये’ अशी पाटी लावून परवानाधारकालाही रोखू शकतो. ती पाटी कशी असावी हेसुद्धा कायद्याने ठरवून दिले आहे : मजकूर इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत हवा, रंग पार्श्वभूमीवर उठून दिसणारा हवा, अक्षर किमान एक इंच उंचीचे हवे आणि पाटी सहज नजरेस पडेल अशा ठिकाणी हवी. अक्षर इंचापेक्षा लहान असेल तर पाटीचा कायदेशीर आधारच डळमळतो. याउलट राज्य सरकारचा विभाग, महापालिका किंवा काउंटी यांना स्वतःच्या मालकीच्या जागेवर, जेथे कायद्यानेच बंदी घातलेली नाही तेथे, अशी पाटी लावता येत नाही. लावली तर दिवसाला हजार ते दीड हजार डॉलर दंड होतो आणि तीच चूक पुन्हा केली तर तो दहा हजारांच्या पुढे जातो.

मग महापालिकेच्या जागेवर खासगी संस्थेने पाटी लावली तर ती पाटी कोणाची समजायची? संस्थेचे म्हणणे असे की जत्रा आमची, करार आमचा, नियमही आमचा. महापालिकेचे म्हणणे असे की या निर्णयात आमचा काही हात नाही, त्यामुळे आम्हाला जाब विचारण्याचे कारण नाही. सरकारचे म्हणणे असे की जमीन महापालिकेची आहे, त्यामुळे कायद्याने जे महापालिकेला करता येत नाही, ते तिने भाडेकरूच्या हातून करून घेऊ नये. आपल्याकडे समजा नगरपालिकेच्या मालकीचे सभागृह एखाद्या मंडळाने चार दिवसांसाठी भाड्याने घेतले, तर तेवढ्या काळापुरते मंडळ त्या सभागृहाचे मालक होते, की आत आलेला पाहुणा नगरपालिकेच्याच नियमांनी बांधलेला राहतो? प्रश्न याच जातीचा आहे आणि तो वाटतो तितका सोपा नाही.

खुद्द अ‍ॅटर्नी जनरल यांची भूमिका या प्रश्नावर बदललेली आहे, आणि ही बाब आपल्या बातमीत यायला हवी होती. २०१६ मध्ये त्यांच्याच कार्यालयाने असे कायदेशीर मत दिले होते की, एखादी स्वतंत्र खासगी ना-नफा संस्था महापालिकेची जागा रीतसर भाड्याने घेऊन वापरत असेल आणि महापालिकेशी तिचा दुसरा संबंध नसेल, तर ती त्या जागेवर बंदूकबंदीची पाटी लावू शकते. आठ वर्षे त्या मताच्या आधारावर अनेक संस्था निर्धास्त होत्या. डॅलसचा वाद पेटल्यावर ते मत मागे घेण्यात आले. सरकारी वकिलाला मत बदलण्याचा अधिकार जरूर आहे, परंतु ज्या मतावर विसंबून लोकांनी करार केले ते दावा सुरू असताना बाजूला ठेवायचे असेल, तर त्याचे कारण तरी सांगायला हवे.

राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात नेमकी येथेच सरकारची अडचण झाली. न्यायमूर्ती जेम्स ब्लॅकलॉक यांनी आदेशाला जोडलेल्या निवेदनात दाखवून दिले की, खासगी संस्थेने बंदुकीला मज्जाव करणे टेक्सासच्या कायद्याविरुद्ध आहे की नाही, या मुख्य प्रश्नावर सरकारने कोणतीच भूमिका घेतलेली नाही. सरकारने सारा भर महापालिकेवर ठेवला होता. ज्या पक्षाला आदेश हवा आहे तोच जर समोरच्यावर अमुक कायदेशीर बंधन आहे असे म्हणत नसेल, तर न्यायालयाने जत्रा संस्थेला बंदुका आत घेण्याचा आदेश द्यायचा कशाच्या जोरावर, असा त्या निवेदनाचा आशय आहे. म्हणजे सरकारचा अर्ज युक्तिवाद अपुरा असल्यामुळे पडला. उद्या हाच प्रश्न पूर्ण युक्तिवादासह पुढे आला, तर निकाल कोणत्याही बाजूने लागू शकतो. मथळ्याबद्दलची माझी तक्रार एवढ्यासाठीच आहे.

भाडेपट्ट्याच्या शब्दांवर बंदूकबंदी तोलली गेली की काय होते याचे आणखी चांगले उदाहरण जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहरात आहे. तेथे ‘पिडमाँट पार्क’ हे शहराचे मोठे सार्वजनिक उद्यान आहे आणि त्याला लागूनच शहराच्याच जमिनीवर पन्नास वर्षांच्या पट्ट्याने चालणारे वनस्पती उद्यान आहे. वनस्पती उद्यानाने बंदुकीला बंदी केली, बंदूकधारकांच्या संघटनेने दावा लावला आणि प्रकरण २०१९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने सांगितले की जमीन सार्वजनिक मालकीची आहे एवढ्याने भागत नाही, पट्ट्याने भाडेकरूकडे जमिनीतला मालकीसदृश हितसंबंध आला आहे की केवळ वापरण्याची मुभा मिळाली आहे, हे पाहावे लागेल. पट्टा पन्नास वर्षांचा असल्यामुळे पुढे निकाल उद्यानाच्या बाजूने गेला. परंतु शेजारच्या पार्कमध्ये दोन-तीन दिवसांसाठी भरत आलेल्या ‘म्युझिक मिडटाउन’ या संगीत महोत्सवाकडे असा पट्टा कुठून असणार? २०२२ चा महोत्सव आयोजकांनी ऐनवेळी रद्द केला. त्यांनी कारण दिले ते ‘आमच्या नियंत्रणाबाहेरची परिस्थिती’ एवढेच, पण तेथील वृत्तपत्रांनी त्याचा संबंध बंदूकबंदी लागू करता न येण्याशी जोडला. एका कुंपणाच्या अलीकडे बंदी चालते आणि पलीकडे चालत नाही. फरक माणसांच्या गर्दीत नाही आणि धोक्यातही नाही. तो कागदावरील मुदतीत आहे. गर्दी तर महोत्सवातच अधिक असते, म्हणजे जेथे बंदीची गरज जास्त तेथेच ती दुबळी. मला हे समर्थनीय वाटत नाही.

कोणी म्हणेल की मग कायदेमंडळानेच ‘मोठी गर्दी जमेल तेथे बंदूक नको’ असे सरळ लिहावे. तेथे दुसरी दुरुस्ती आडवी येते. २०२२ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कचा कायदा रद्द करताना मान्य केले की न्यायालये, विधिमंडळे, मतदान केंद्रे यांसारख्या ‘संवेदनशील’ जागी बंदी असू शकते. मात्र केवळ गर्दी असते आणि पोलीस असतात म्हणून अख्ख्या मॅनहॅटन बेटाला संवेदनशील म्हणता येणार नाही, असेही बजावले. जत्रा या दोहोंच्या मध्ये कोठेतरी येते. टेक्सासच्या कायद्यात बंदी असलेल्या जागांची यादी आहे आणि तिच्यात मनोरंजन उद्यानाचाही समावेश आहे. पण व्याख्या अशी की ते किमान पंचाहत्तर एकरांचे, नियंत्रित प्रवेशाचे आणि वर्षातून एकशेवीसहून अधिक दिवस चालणारे असावे. वर्षाला चोवीस दिवस भरणारी जत्रा त्यात सहज बसत नाही. गंमत अशी की जत्रेच्या काळातच याच मैदानातील ‘कॉटन बाऊल’ स्टेडियममध्ये महाविद्यालयीन फुटबॉलचा प्रसिद्ध सामना होतो आणि त्या सामन्याला मात्र कायद्याने बंदी लागू आहे. स्टेडियमच्या आतील प्रेक्षकाला कायद्याचे संरक्षण आहे आणि बाहेर खाद्यपदार्थांच्या रांगेत उभा असलेला माणूस आयोजकांच्या पाटीवर विसंबून आहे.

आपल्याकडील स्थितीशी तुलना करताना सुरुवात राज्यघटनेपासूनच करावी लागते. आपल्या अनुच्छेद १९(१)(ख) ने नागरिकांना एकत्र जमण्याचा हक्क दिला आहे, तो ‘शांततेने व विनाशस्त्र’ जमण्याचा. शस्त्र हा आपल्याकडे हक्क नाही, ती शस्त्र अधिनियम, १९५९ खाली मिळणारी, अटींनी बांधलेली परवानगी आहे. या अटी परवाना पुस्तिकेतच छापलेल्या असतात. त्यांपैकी एक अशी की जिल्हादंडाधिकाऱ्यांनी विशेष परवानगी दिली असल्याखेरीज परवानाधारकाने शस्त्र जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत किंवा अन्य सार्वजनिक जमावात, तसेच शैक्षणिक संस्थेच्या आवारात नेऊ नये. म्हणजे डॅलसमध्ये ज्या गोष्टीसाठी तीन न्यायालयांच्या पायऱ्या चढाव्या लागल्या, ती गोष्ट आपल्याकडे प्रत्येक परवानाधारकाच्या खिशातल्या पुस्तिकेत आधीच लिहिलेली आहे. जागा देवस्थानची आहे की ग्रामपंचायतीची, मंडळाची आहे की सरकारी, हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण बंधन जागेवर घातलेले नाही, ते शस्त्र बाळगणाऱ्यावर आहे. कायद्याची रचना म्हणून ही व्यवस्था अमेरिकेतील पाटीपेक्षा निश्चितच भक्कम आहे.

रचना भक्कम आहे म्हणून अंमलबजावणीही तशीच आहे, असे मात्र माझा अनुभव सांगत नाही. नूतनीकरणासाठी माझ्या टेबलावर येणाऱ्या पुस्तिका मी चाळत असे. मागच्या पानांवर शिक्क्यांची दाटी असायची, काडतूस खरेदीच्या नोंदी दुकानदाराच्या सहीनिशी असायच्या, आणि अटींचे पान मात्र कोरे करकरीत. ते पान कधी उघडलेच गेले नव्हते हे कागदावरूनच कळायचे. परवानाधारकाला विचारले तर शस्त्र घेऊन निवडणुकीच्या सभेला जाऊ नये एवढे त्याला ठाऊक असे, पण गावच्या दहीकाल्याच्या जत्रेलाही नेऊ नये हे ऐकून आश्चर्य वाटे. शिक्षाही अशी की कोणी घाबरू नये : परवान्याच्या अटीचा भंग केल्यास अधिनियमाच्या कलम ३० नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीने लग्नात, समारंभात किंवा सार्वजनिक जमावात हर्षाने बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. ती योग्यच आहे. परंतु बार उडण्याच्या आधीची पायरी, म्हणजे शस्त्र गर्दीत आणणे, आजही दोन हजारांच्या दंडाची राहिली आहे. कलम १७ खाली परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो आणि खरी जरब त्याचीच असायला हवी. ते कलम कितीदा वापरले जाते, हे प्रत्येक जिल्ह्याने स्वतःला विचारावे. २०२२ च्या गणेशोत्सवात प्रभादेवी येथे दोन राजकीय गटांच्या हाणामारीत एका आमदारांच्या परवानाधारक पिस्तुलातून गोळी झाडली गेल्याचा आरोप झाला. संबंधितांनी तो नाकारला आणि त्यावर मी काही बोलणार नाही. परंतु ऐन उत्सवाच्या दिवसांत परवान्याच्या या अटीची चर्चा फारशी कोणी केली नाही, याचे मला तेव्हाही नवल वाटले होते.

दुसरीकडे निवडणुकीच्या वेळी आपण उलट टोक गाठतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर निवडणूक आयोगाने छाननी समितीची पद्धत घालून दिली आहे. जामिनावर सुटलेले, गुन्हेगारी पूर्वेतिहास असलेले, पूर्वी दंगलीत, विशेषतः निवडणूककाळातील दंगलीत, सामील असलेले, अशा परवानाधारकांची प्रकरणे समितीने एकेक करून तपासावीत आणि गरज असेल त्यांचीच शस्त्रे जमा करून घ्यावीत, असे तिच्यात अपेक्षित आहे. प्रत्यक्षात काम सोपे व्हावे म्हणून सरसकट सर्वांना निरोप जातो. पोलीस ठाण्यात शेतीसंरक्षणाच्या ठासणीच्या बंदुका आणि बारा बोअरच्या दुनळ्या सुतळीने चिठ्ठ्या बांधून भिंतीला रांगेत उभ्या केलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि त्यांचे मालक म्हणजे कापणीला आलेल्या भातात रानडुकरे शिरतील या काळजीने पावती खिशात घालून घरी परतणारे शेतकरी. गेल्या मार्च महिन्यात अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने असे सरसकट आदेश चालणार नाहीत, प्रत्येक परवानाधारकाबाबत कारण नोंदवावे लागेल, असे स्पष्ट केले आहे. तो निर्णय उत्तर प्रदेशातील असला तरी तर्क तोच आहे आणि आपल्याकडील पद्धतही कागदावर तेच सांगते.

डॅलसच्या प्रकरणाकडे मी याच नजरेने पाहतो. जत्रेत बंदूक नको, याविषयी माझ्या मनात संदेह नाही, आणि तिघे जखमी झाल्यावर आयोजकांनी नियम बदलला तो बरोबरच केला. परंतु कोणाला, कोठे, कशासाठी रोखायचे हे ज्या यंत्रणेने आधी लिहून ठेवायला हवे, तिने ते लिहिले नाही, म्हणून एका ना-नफा संस्थेच्या पाटीवर आणि तिच्या भाडेकरारावर लाखो लोकांची सुरक्षितता टेकली. टेक्सासच्या विधिमंडळाला जत्रेचा उल्लेख यादीत करायचा तर करता येईल किंवा भाडेकरूला असा अधिकार नाही असे म्हणायचे तर तेही म्हणता येईल. दोहोंपैकी काहीच न करता जत्रेच्या आदल्या संध्याकाळपर्यंत न्यायालयात धावाधाव करणे हा पोरखेळ झाला.

आपल्याकडे नियम लिहिलेला आहे, पण त्याला एक खिडकी आहे आणि ती म्हणजे जिल्हादंडाधिकाऱ्यांची, पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत आयुक्तांची, ‘विशेष परवानगी’. ही परवानगी कोणाला दिली, कोणत्या कार्यक्रमासाठी दिली, किती काळासाठी दिली, याची माहिती सामान्य माणसाला मिळत नाही. येत्या महिन्याभरात राज्यभर प्रचारसभा होतील, लगोलग कोकणात जत्रांचा हंगाम सुरू होईल. निवडणूक अधिकाऱ्यांनी छाननी समितीपुढे किती प्रकरणे आली आणि त्यांपैकी किती शस्त्रे कारण नोंदवून जमा झाली, ही संख्या जिल्हावार जाहीर करावी. त्याचबरोबर सभा व जत्रांमध्ये शस्त्र नेण्याच्या विशेष परवानग्या किती दिल्या गेल्या तीही संख्या प्रसिद्ध करावी. व्यक्तींची नावे सुरक्षिततेसाठी गुप्त ठेवावी लागतील, हे मला मान्य आहे, पण आकडा गुप्त ठेवण्याचे कारण दिसत नाही. आपल्या जिल्हा प्रतिनिधींनी हा प्रश्न संबंधित कार्यालयांना विचारावा आणि डॅलसच्या बातमीचा मथळा पुढील अंकात दुरुस्त करावा, ही विनंती.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त अव्वल कारकून
(शस्त्र परवाना शाखा), कोकण